पाण्यावर उडणारं रॉकेट

"बहिणीवर गेलाय बघा. ही तरी कुठं बोलायलीय?"

शेजारच्या काकूंनी हे हळूच म्हटलं, पण मागच्या दाराची जाळी पातळ होती आणि जाळीच्या आत मी ताटात करंज्या लावत उभी होते. आई बाहेर पायरीवर बसून माझ्या भावाला पेरू भरवत होती. काकूंच्या पिंजऱ्यातल्या पोपटानं टोचलेला, उष्टा पेरू. उशिरा बोलणाऱ्या पोराला पोपटाचं उष्टं चारलं की त्याची जीभ सुटते, असं आमच्याकडं सगळेच मानतात. रोज सकाळी काकू पेरूची फोड पिंजऱ्यात सरकवायच्या, पोपट तिला टोचा मारायचा आणि ती फोड आईच्या हातात यायची. भावाला चौथं वर्ष लागलं होतं आणि तो अजून एकही शब्द बोलला नव्हता.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "हिनं बी लय उशिरा तोंड उघडलं होतं."

ते खरं नव्हतं. मी वर्षाची व्हायच्या आधीच बोलायला लागले होते, दिवसभर बडबडायचे, हे मावशीनं मला कितीदा तरी सांगितलं होतं. गप्प मी नंतर झाले. परभणीच्या इंग्रजी शाळेत घातल्यावर वर्गात काय बोलायचं ते कळेना, आणि सुट्टीत घरी आले की माझं पुस्तकी मराठी ऐकून कॉलनीतल्या पोरी हसायच्या. मग दोन्हीकडं कमी बोलणं सोयीचं वाटू लागलं. पण आईनं माझं लहानपण बदलून सांगितलं ते कशासाठी, हे मला जाळीआड उभ्या उभ्या कळलं. मी करंज्या लावत राहिले.

आम्ही येलदरीला धरणाच्या कॉलनीत राहायचो. म्हणजे आईबाबा आणि भाऊ राहायचे. मी परभणीला मावशीकडं शाळेसाठी आणि सुट्ट्यांना येलदरीला. बाबा पॉवर हाऊसवर ऑपरेटर होते. भाऊ माझ्यानंतर खूप वर्षांनी झाला. मधल्या काळात आईनं किती ठिकाणी नवस बोलले आणि किती उपास धरले, ते तिचं तिलाच माहीत. त्यामुळं त्याच्यात काही उणं आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो दिसायलाही फार गोड होता. मोठे डोळे, आणि समोर येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं एकटक बघायची सवय. लोक म्हणायचे, कसा लक्ष देऊन ऐकतो.

त्या दिवाळीला मामा आला. मामा आखातात नोकरीला होता आणि दोन वर्षांनी रजेवर आला होता. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून कधी मोर्चा, कधी बंद, आणि एसटी कधी जिंतूरलाच थांबायची. मामाही जिंतूरपासून एका मालट्रकमधून आला. आल्या आल्या त्यानं कपड्यांच्या घडीतून एक खोका काढला आणि भावाच्या पुढ्यात ठेवला. खोक्यावर निळं आभाळ, त्यात पांढरं रॉकेट आणि खाली हसणारी दोन गोरी मुलं होती.

"ह्याला दारू लागत न्हाई," मामानं बाबांना सांगितलं. "पाण्यावर उडतं."

बाबांना ती थट्टा वाटली. मग आतला कागद निघाला. तो इंग्रजीत होता, म्हणून मला हाक आली. अंगणात खाटेवर मामा, बाबा, आई, कुंपणाला टेकून काकू, आणि मी मध्ये उभी. मला घाम फुटला होता. मी एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. खालच्या पारदर्शक टाकीत पाणी भरा. पुडीतली पूड त्यात टाका. चौथऱ्यात चार सेल घाला. पहिलं बटण दाबलं की पाण्यातून बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. तो रॉकेटच्या पोटात जमू द्या. मग सगळ्यांनी लांब व्हावं आणि वायरच्या टोकाचं दुसरं बटण दाबावं. आत ठिणगी पडेल आणि रॉकेट उडेल. शेवटी जाड अक्षरात लिहिलं होतं की आवाज मोठा होतो, लहान मुलं दचकतात, आधी त्यांना समजावून सांगा.

"पाण्यातून हायड्रोजन?" बाबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. ते खाटेवरून उठून टाकीपाशी उकिडवे बसले. "अगं, आमी काय करतो? पाण्यातून वीज काढतो. अन् हे बेणं विजेनं पाणी फोडायलंय. उलटं पॉवर हाऊस हाय हे."

मी बाबांना इतकं आनंदात फार वेळा पाहिलेलं नाही. त्यांना वरच्या वर्गापर्यंत शिकायचं होतं, ते झालं नव्हतं, आणि यंत्र म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. बुडबुडे सुटले तेव्हा तेही आणि भाऊही टाकीला नाक लावून बसले होते. भावानं दोन्ही तळवे टाकीला चिकटवले. बुडबुड्यांची थरथर त्याच्या हातात जात असावी. तो हसला. तोंड उघडून, आवाज न करता हसायचा तो.

समजावून सांगायचं राहून गेलं. बाबांनी त्याला उचलून लांब आईजवळ नेलं आणि बटण दाबलं.

आवाज खरंच मोठा होता. सुतळी बॉम्बइतका नाही, पण कोरडा, कानावर चापट बसावी तसा. रॉकेट कडुनिंबाच्या वर गेलं. काकूंचा पोपट पिंजऱ्यात पंख आपटत ओरडू लागला, रस्त्यावरचं कुत्रं शेपूट घालून पळालं, मी कानांवर हात नेले, आई तर "अगं बाई" म्हणत एक पाऊल मागं सरली. भाऊ मात्र जागचा हलला नाही. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. तो मान वर करून रॉकेटकडं बघत होता आणि ते खाली येऊ लागलं तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या.

"वाघ हाय वाघ," मामा म्हणाला.

बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या क्षणापासून माझ्या भावाची गोष्ट बदलली. इतके दिवस तो न बोलणारा मुलगा होता. आता तो न भिणारा मुलगा झाला.

दिवाळीत फराळाला जो कोणी येई त्याला बाबा अंगणात नेत. टाकी भरली जाई, बुडबुडे सुटत आणि पाहुण्यांची मुलं आईच्या पदराआड लपत. आवाज झाला की ती रडत आणि बाबा आपल्या मुलाकडं बोट दाखवत. हा बघा. काही नाही ह्याला. पॉवर हाऊसमध्ये नेला तेव्हाही असाच होता, मोठमोठी माणसं कानात बोटं घालतात तिथं, आणि हा पठ्ठ्या कठड्याला हात लावून उभा. ऑपरेटर कशाला, इंजिनियर होणार. सेल संपले तर बाबा शिफ्ट संपल्यावर जिंतूरला जाऊन नवे घेऊन आले. त्या सगळ्या दिवसांत भाऊ का बोलत नाही, असं कुणी विचारलं नाही. त्याची गरजच राहिली नव्हती. काकूसुद्धा म्हणाल्या की वाघ कुठं बडबड करतो का.

आई हे सगळं बघायची आणि हसायची. मी आईकडं बघायचे.

मी घरी थोडेच दिवस असायचे, म्हणून कदाचित मला जे दिसायचं ते रोजच्या माणसांना दिसत नसावं. आई भावाला कधी हाक मारायची नाही. मला ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, बाबांना अंगणातून. भावाला जेवायला बोलवायचं असेल तर ती हातातलं काम टाकून जायची, त्याला वळसा घालून त्याच्यासमोर उभी राहायची आणि मग बोलायची. झोपेतून उठवताना पलंग हलवायची. तो पाठमोरा खेळत असला आणि ती मागून गेली तर जमिनीवर पाय जरा आपटून चालायची. तेवढ्यानं तो वळायचा. हे ती मुद्दाम करत नव्हती. तिच्या अंगाला ती सवय लागली होती आणि तिच्या मनानं तिकडं पाठ फिरवली होती.

एकदा दुपारी आम्ही दोघीच होतो. भाऊ ओट्याखाली बसून डब्यांची झाकणं मांडत होता. माझ्या हातून पितळी पातेलं निसटलं आणि फरशीवर घरंगळत गेलं. त्याचा गोंगाट भिंतींना धडकत बराच वेळ चालला. भावानं मान वळवली आणि पातेल्याकडं पाहिलं. आईनं लगेच माझ्याकडं बघितलं.

"बघितलंस ना?" ती म्हणाली. "वळला."

मी काही विचारलंच नव्हतं. पातेलं त्याच्या पायाजवळून गेलं होतं, ते त्याला दिसलं होतं, फरशी हलली होती. आईला हे सांगायला मी तोंड उघडलं असेल, तर तेवढ्यात ती थाळीची गोष्ट सांगू लागली. आमच्याकडं मूल जन्मलं की त्याच्या उशाशी काशाची थाळी वाजवतात, पोर पुढं भित्रं होऊ नये म्हणून. भावाच्या वेळी आईच्या माहेरी ती वाजवली, तेव्हा तो असा दचकला होता, दोन्ही हात वर करून, की सगळ्या बाया हसल्या. ही गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. पण त्या दिवशी ती सांगताना आई माझ्याकडं बघत नव्हती. फडक्यानं ओटा पुसत होती, जिथं काही सांडलेलं नव्हतं.

"कसा दचकला होता," ती पुन्हा म्हणाली. "समद्या बायांनी बघितलंय."

मी पातेलं उचलून विसळलं.

बाबांनी त्याच सुट्टीत ठरवून टाकलं की येत्या जूनमध्ये भावालाही माझ्याबरोबर परभणीला पाठवायचं. इंग्रजी शाळेत, चार मुलांत गेला की आपोआप बोलेल. त्या शाळेत लहान मुलांना आत घेण्याआधी समोर बसवून नाव विचारतात, हे मला माहीत होतं. मलाही विचारलं होतं आणि मी चप्पल बघत बसले होते. मी भावाला त्या खुर्चीवर बसलेला डोळ्यांपुढं आणत होते. बाई विचारतील आणि तो त्यांच्या ओठांकडं बघून गोड हसेल. मग त्या माझ्या बाबांकडं बघतील. हे सगळं घडायच्या आधी घरातच कुणीतरी ते बोलायला हवं होतं. आई बोलणार नव्हती. बाबांना ठाऊक नव्हतं. राहिले मी, आणि माझं बोलणं त्या घरात अजून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

पुढं काय झालं ते इथंच सांगते, कारण शेवटी सांगायला मला जमणार नाही. त्या हिवाळ्यात आईबाबा त्याला मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. कान जन्मापासून गेलेले होते की रांगत्या वयात आलेल्या मोठ्या तापात गेले, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. आईनं त्यांनाही थाळीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, थाळी जवळ वाजवली की हवेचा धक्का बसतो, अंथरूणही हलतं, बाळ त्यानंही दचकतं. आणि म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. परत येताना एसटीत बाबा जिंतूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते, असं आईनं मला नंतर सांगितलं.

आता तो लांबच्या एका शाळेत राहतो. कानामागं यंत्र लावतो, हातांनी बोलतो, आणि थोडे शब्द तोंडानंही म्हणतो. त्यातला एक 'आई' आहे. तो शब्द ऐकून आई अजूनही दर वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

त्या रॉकेटला बाबांनी परत हात लावला नाही. टाकीतलं पाणी ओतायचं राहून गेलं. माळ्यावर ते हळूहळू आटलं आणि आत एक पांढरी रेघ उरली. मागच्या उन्हाळ्यात मी माळा आवरायला चढले तेव्हा बाबा खालून म्हणाले की ते राहू दे. तेवढंच. मला वाटतं, त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते मुलाला ऐकू येत नाही हे नव्हे. त्यांनी अख्ख्या कॉलनीला अंगणात बोलावून, टाळ्या घेऊन, तेच दाखवलं होतं. ज्यांनी फराळ खात वाघ म्हटलं, त्यांना पुढं रस्त्यात भेटल्यावर काय सांगायचं, ते बाबांना कधी सुचलं नाही. ते शिफ्टला जाताना मागच्या वाटेनं जाऊ लागले, कॅनॉलच्या कडेनं.

आईनं पेरू थांबवला. काकू तरीही काही दिवस फोड आणून कुंपणावर ठेवायच्या. मुंग्या लागायच्या. मग त्यांनीही ठेवणं सोडलं, आणि भाऊ बहिणीवर गेलाय की आणखी कुणावर, असलं काही त्या परत कधी बोलल्या नाहीत.

तर त्या दिवाळीतल्या भाऊबीजेचा दिवस. मामा आईकडून ओवाळून घ्यायला थांबला होता आणि दुसऱ्या दिवशी निघणार होता. सकाळी मी भावाला पाटावर बसवून ओवाळलं. त्यानं नवा निळा शर्ट घातला होता. निरांजनाची ज्योत फिरेल तशी त्याची नजर फिरत होती. मी हळू आवाजात त्याचं नाव घेतलं. मग जरा मोठ्यानं घेतलं. तो ज्योतीकडंच बघत होता. आई शेजारी उभी होती. तिनं पुढं होऊन त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड माझ्याकडं वळवलं.

"ताई ओवाळायलीय बघ," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "आटप लवकर."

जेवणं झाल्यावर बाबांनी शेवटचं म्हणून रॉकेट काढलं. मामा जाण्याआधी एकदा बघून जाईल. काकू आणि त्यांच्याकडं आलेली त्यांची भावजय कुंपणापाशी आल्या. बाबांनी टाकी भरली, पहिलं बटण दाबलं आणि नेहमीसारखे सगळे मागं आलो. वायर पुरेशी लांब होती. बाबा टोकाचं बटण हातात धरून त्या भावजयीला हायड्रोजन समजावत होते, पाणी फुटतं, वायू होतो, जळाला की परत पाणीच होतं, बघा कसं. त्या माना डोलवत होत्या. आईचं लक्ष क्षणभर घरात गेलं, दुधाला.

तेवढ्यात भाऊ तिच्याजवळून निसटला. त्याला रॉकेटशी काही घेणं नव्हतं, हे मला आधीच कळलं होतं. त्याला बुडबुडे हवे होते. तो चौथऱ्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला, दोन्ही तळवे टाकीला लावले आणि कौतुकानं वाकून आत बघू लागला. रॉकेटचं टोक त्याच्या हनुवटीखाली होतं.

"ए, मागं हो," बाबा म्हणाले.

तो हलला नाही.

"मागं हो म्हणलं ना!"

"ऐकायलाच तयार न्हाई," काकू हसून म्हणाल्या. "भीतीच न्हाई त्याला."

बाबांचा अंगठा बटणावर होता. तो तसाच राहिला असता, एखादा धक्का लागला असता, तर काय झालं असतं, ते बाबांच्या डोळ्यांपुढं त्याच वेळी आलं असावं. त्यांनी बटण मातीत टाकलं, धावत गेले, त्याच्या दंडाला धरून त्याला ओढून काढलं आणि एक चापट मारली. त्यांनी त्याला त्याआधी कधी मारलं नव्हतं.

"किती बार सांगायचं? ऐकत का न्हाईस?"

भाऊ लगेच रडला नाही. आधी त्यानं बाबांच्या ओठांकडं बघितलं. मग त्यांच्या हाताकडं. मग पुन्हा ओठांकडं, जणू तिथं काही लिहिलं असेल आणि ते वाचलं की हे का झालं ते कळेल. त्याचा गाल लाल होत होता. टाकीत बुडबुडे अजून येत होते.

आई दारात आली होती. तिच्या हातात दुधाचं सांडशीत धरलेलं पातेलं होतं. ती म्हणाली, "लहान हाय हो. हट्टी हाय जरा. तुमच्यावरच गेलाय." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, आणि आजही मला वाटतं की ती दोन्हीसाठी होती, मी बोलू नये म्हणून आणि मी बोलावं म्हणूनही.

बाबा पुन्हा म्हणाले, "ऐकणार का? सांग, ऐकणार का?" आणि उत्तर येईना म्हणून त्यांचा हात पुन्हा वर गेला.

मामा होता, काकू होत्या, परकी बाई होती. इतक्या लोकांत मी कधी काही बोलले नव्हते. मी पुढं झाले आणि बाबांचं मनगट धरलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"मारू नका, बाबा. त्याला ऐकू येत नाही."